एका कैरीत सात विषय

१८ जानेवारी १९९९

पश्चिमेला नुसते ढग. रहमतबी आणि मी शाळेमागच्या बांधावर अंधार पडेपर्यंत माना वर करून उभे होतो, चंद्राची कोर काही दिसली नाही. शेवटच्या गाडीच्या कंडक्टरनं माझ्या मेव्हण्याचा, रहमतबीच्या भावाचा, जुबेरचा निरोप आणला. बल्लारपुरात चांद झाला, उद्या ईद करा. मी विचारलं, पाहिला कोणी? तर म्हणे गल्लीतल्या कुणाच्या तरी पोरानं, गच्चीवरून. वा! दोन भरवशाची माणसं साक्ष देत नाहीत तोवर मी ईद करणार नाही. रहमतबी म्हणाली, शेवया भाजून ठेवल्यात. म्हटलं, भाजलेल्या शेवया एक दिवस जास्त टिकतात. उद्या तिसावा रोजा. नियम तो नियम.

आजच जिल्ह्याचं पत्रही आलं. आमची सालईटोल्याची शाळा आठवीपर्यंतच. नववी-दहावी मिळावी म्हणून मुख्याध्यापक या नात्यानं सहा वर्षं अर्ज करतोय. आता लिहिलंय की नेहमीची तुकडी देता येणार नाही. पण बोर्डाच्या पुस्तकांबरोबर शाळेनं स्वतःचा वेगळा अभ्यासक्रम करून दाखवला, तर प्रयोग म्हणून परवानगीचा विचार होईल. समिती ५ एप्रिलला येऊन एक पाठ प्रत्यक्ष पाहणार. पत्र चारदा वाचलं. आनंद झाला.

२४ जानेवारी

गेल्या साली आठवीतून अकरा मुली पास झाल्या. पुढची शाळा कुरखेड्याला, बावीस किलोमीटर. गाडी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पावसाळ्यात तीही नाल्याशी अडते. अकरापैकी एकही गेली नाही. यंदा चौदा आहेत.

त्यात गुणाबाईची रंजीता आहे. परवा भरती-ओहोटी शिकवत होतो तर म्हणाली, "गुरुजी, चंद्र रोज थोडा उशिरा उगवते, मंग समुद्रबी रोज उशिरा येते का?" समुद्र तिनं पाहिलेला नाही. मीही नाही. कुरखेड्याच्या वाचनालयात जाऊन पाहिलं, तिचं बरोबर होतं. ही पोरगी जुलैत धानाच्या बांधीत भातलावणीचा रोवणा करताना दिसली, तर मी मास्तरकी सोडून द्यावी.

माझे अब्बा बल्लारपुरात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पेटीचा कोपरा कधी सुतभर हुकला नाही. मी भूमिती त्यांच्या हाताखाली शिकलो, भूगोल पेटीवर रंगवायच्या चित्रांतून. म्हणून माझा अभ्यासक्रम असाच होणार. भिंती नकोत. गणित, विज्ञान, इतिहास, जंगलाची विद्या, गोंडी, तेलुगू, बाजार, नाटक, सगळं. रहमतबी यादी ऐकून म्हणाली, "इत्ता सब? पोरायले जेवायची सुट्टी ठेवली की नाही?" ठेवली आहे. पंचवीस मिनिटं.

९ फेब्रुवारी

मुखरूभाऊ जंगलविद्या शिकवायला तयार झाले. ते गावचे भूमिया, म्हणजे देवाधर्माचं आणि जंगलाच्या रीतभातीचं पाहणारे. खुर्ची दिली तर तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तीन तासांत एकसष्ट झाडांची नावं, साल, पान, औषध, सगळं सांगितलं. मी लिहून लिहून बोटं दुखवून घेतली.

उठताना म्हणाले, "गुरुजी, कोनतं झाड काय कामाचं, हे सारं इचारलं तुमी. कोनतं कवा तोडाचं, हे तं इचारलंच नाई."

मी म्हटलं, ते दुसऱ्या सत्रात घेऊ. हसले आणि गेले. मोठा माणूस आहे, पण शिकवण्याचा क्रम वगैरे त्यांना कसा कळणार.

२ मार्च

आराखडा पूर्ण! चौतीस पानं, कुरखेड्याहून टाइप करून आणली, तीन प्रती जिल्ह्याला रवाना. गोपाल सर चिमूरचे, माझ्याबरोबरचे शिक्षक, सगळ्याला "बरोबर आहे सर" म्हणतात, तेही आज आपणहून "जबरदस्त" म्हणाले.

समितीला दाखवायचा पाठ पान अकरावर आहे. नाव दिलंय 'एका कैरीत सात विषय'. मुलांनी गावातल्या झाडांच्या कैऱ्या आणायच्या. वजन करून सरासरी काढायची आणि झाडाचं एकूण पीक ताडायचं, हे गणित. लिटमस कागद लावायचा, विज्ञान. कोणत्या उताराच्या झाडाला किती लागतं, भूगोल. आंबा, मरका, मामिडी ही मराठी, गोंडी, तेलुगू नावं, भाषा. आमचूर करून बाजारात नेण्याचं अर्थशास्त्र. झाड कुणाच्या आजोबानं लावलं तो इतिहास. शेवटी चित्र. अख्खा पाठ मी एका बैठकीत लिहिला. स्वतःच स्वतःची पाठ थोपटू नये म्हणतात, पण डायरीत थोपटली तर कोण पाहतंय?

१८ मार्च

सराव घ्यायचा म्हणून सोमवारी आठवीला सांगितलं, प्रत्येकानं एक कैरी आणा. मंगळवारी एकही आली नाही. बुधवारी पुन्हा सांगितलं, आज पुन्हा रिकामे हात. शाळेसमोरचा आंबा लगडलाय, फांद्या वाकल्यात, आणि एकतीस पोरं म्हणतात विसरलो! डोमाला उभं केलं तर तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग मीच बोरं आणून सराव उरकला. बोरांत मजा नाही. ओरडलो खूप. आळस, दुसरं काय?

२५ मार्च

आज मुखरूभाऊ स्वतः आले. म्हणाले, "गुरुजी, पोरायवर रागावू नका. अजून आंब्याचा पंडुम व्हाचा आहे. पंडुम झाल्याबिगर आमी नवा आंबा तोडत नाई."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. मला माहीत आहे, इथं आठ वर्षं काढली. म्हटलं, कधी आहे? तर म्हणे, "गाव बसन, ठरवन. यंदा देर आहे. कोय धरली नाई अजून."

"भाऊ, खायला कोण सांगतंय? मोजायचं आहे नुसतं."

"तोडाचं तं आहे ना."

मग त्यांनी तोड सुचवली. मोहाचा पंडुम होऊन गेला, मोहफुलं घ्या, नाहीतर बांबू घ्या, मी बसतो पाठाला. मला पटेना. तीन प्रती जिल्ह्याला गेल्यात, समिती पान अकरा उघडून बसणार. आणि खरं सांगायचं तर हा पाठ माझा आहे. मोहफुलांचा पाठ कुणीही लिहील. एका सणासाठी चौदा मुलींचं शिक्षण अडवायचं का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. मुखरूभाऊ चहा अर्धा ठेवून उठले.

घरी सांगितलं तर रहमतबीही गप्प. आजकाल सगळ्यांनी मौनव्रत धरलंय.

१ एप्रिल

चार दिवस राहिले. कुरखेड्याच्या बाजारातून कैऱ्या आणता येतील, पण मग 'गावातलं झाड, कुणी लावलं' हा भागच खोटा पडतो. मला खोटं चालत नाही.

मधल्या सुट्टीत रंजीताला ऑफिसात बोलावलं. तिच्या घरामागे तिच्या आज्यानं लावलेलं झाड आहे. म्हटलं, हे बघ, मी कुणावर सक्ती करत नाही. पण चौदा जणींची नववी आता तुझ्या हातात आहे. तू शहाणी आहेस. काय करायचं ते तूच ठरव.

तिनं खिडकीतून शाळेसमोरच्या आंब्याकडे पाहिलं. मग "हो गुरुजी" म्हणाली. बाकी सगळ्यांपेक्षा या पोरीला जास्त कळतं.

५ एप्रिल

जिंकलो!

समिती अकराला आली, तिघे जण. प्रमुख साहेब कडक, शर्टाच्या खिशात तीन पेनं. आराखडा चाळून म्हणाले, "एवढं सगळं दोन वर्षांत? कागदावर सगळेच घोडे धावतात." मी टेबलाकडे पाहिलं. तिथे तराजू होता, लिटमस होता, कैरी नव्हती. आणि रंजीताही नव्हती.

साडेअकराला ती दारात आली. दप्तरातून पळसाच्या पानांत बांधलेला पुडा काढून टेबलावर ठेवला. सात कैऱ्या, सातही मापाच्या. वर्गातल्या पोरांनी कैऱ्यांवरून नजर काढून घेतली. पोरं साहेबांना घाबरली असावीत. पण रंजीतानं पाठ पेलला. तोलताना काटा स्थिर होईना, मी हळूच पारडं धरलं. सरासरी, पीक, आम्ल, झाड लावणाऱ्या आज्याची गोष्ट, सगळं तिनंच सांगितलं. मुखरूभाऊंना पाहुणे म्हणून बसवलं होतं, ते मध्येच उठून गेले. साहेबांसमोर असं बरं दिसत नाही, मला राग आला.

साहेबांनी खूश होऊन एक कैरी चिरायला लावली, मीठ मागवलं. एक फोड रंजीतापुढे धरली. ती मागे सरकली. "लाजते," मी म्हणालो. जाताना म्हणाले, परवानगी मिळाली समजा, अट एकच, जूनमध्ये पंचवीस नावं हवीत.

पंचवीस? माझ्या आठवीत एकतीस आहेत. आज मी उडतोय.

८ एप्रिल

काल पेढे वाटले, घेणारे कमी निघाले. आज आठवीत नऊ मुलं. रंजीता तीन दिवस नाही. ताप असेल. काल दुपारी वादळ झालं, शाळेसमोरच्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलाय. कुणी उचललेल्या नाहीत.

१० एप्रिल

गोपाल सरांनी गावातून काढून आणलं. सांगताना त्यांनी एकदाही "बरोबर आहे सर" म्हटलं नाही.

परवा गाव बसलं होतं. पंडुमाआधी आंबा तोडला, त्यावर वादळ आलं, निम्मं पीक पडलं. कुणी तोडला? रंजीता उभी राहून म्हणाली, मी. कुणी सांगितलं? म्हणाली, कोणी नाई, माह्याच मनानं. तीनदा विचारलं, तीनदा तेच. तेव्हा ठरलं की पंडुमाच्या सामायिक रांधणात प्रत्येक घरचे तांदूळ पडतात, त्यात यंदा गुणाबाईच्या घरचे घ्यायचे नाहीत. बाप नाही त्या घराला. मायलेकी दोघीच, आणि आता गावात असून गावाच्या पंक्तीत नाहीत.

नववीला नाव घालायला कुणी तयार नाही. ज्या शाळेत पोरीवर ही पाळी येते तिथे दोन वर्षं आणखी कशाला, असं आयाबाया म्हणतात.

माझं नाव तिनं घेतलं नाही. मी सक्ती केली नव्हती, हे मी १ तारखेला लिहून ठेवलंय. ते पान आता उघडून वाचलं. वाचवत नाही.

११ एप्रिल

रहमतबीला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "चाँद देखे बगैर तुमने ईद की थी क्या? जुबेर को कित्ता सुनाया था."

मी म्हणालो, ते वेगळं. ती म्हणाली, काय वेगळं ते सांगा. मी तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.  तिला हे २५ मार्चलाच कळलं होतं. तेव्हा काऊन बोलली नाहीस, असं विचारलं, तर म्हणे, "तुम उस दिन सुनने के मूड में थे?"

१५ एप्रिल

परवानगीचं पत्र आलं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद. शेवटी जादा परिच्छेद आहे. 'एका कैरीत सात विषय हा पाठ अनुकरणीय असून पुढील वर्षापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वनभागातील चाळीस शाळांत घेण्यात यावा.'

चाळीस शाळा, म्हणजे चाळीस रंजीता.

आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना भेटलो. ते म्हणाले, "मन्सूर सर, पत्र हातात आहे, तोंड बंद ठेवा. सालईटोल्याची पोरं नाही आली तर शेजारच्या गावांतून पंचवीस नावं उभी करू. तुम्ही खुलासे करत बसलात तर परवानगीच जाईल." चुकीचं बोलले असं म्हणवत नाही. नववी उघडली तर निदान कुणीतरी शिकेल. सबंध दिवस मी हेच घोळवतो आहे, आणि दर वेळी ते थोडं जास्त पटतं. याचीच भीती वाटते.

१८ एप्रिल

गाव आज पुन्हा बसणार होतं, पंडुमाचा दिवस ठरवायला. मी गेलो.  मोहाखाली पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. गुणाबाई आणि रंजीता सगळ्यांच्या मागे, वेगळ्या.

मी उभा राहून सांगितलं. कैऱ्या रंजीतानं तोडल्या, पण तोडायला मी लावल्या. मुखरूभाऊंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिला ऑफिसात बोलावून चौदा मुलींचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं आणि वर म्हटलं, तूच ठरव. दोष माझा आहे, दंड मला करा.

मुखरूभाऊ म्हणाले, "आमाले मालूम आहे गुरुजी. सात कैऱ्या, सात विषय. गाव काई आंधळं नाई."

"मग तिला काऊन शिक्षा?"

"तिनं 'माह्याच मनानं' म्हटलं. तिचा शबुद आमी कसा खोटा कराचा? ज्यानं कराचा त्याची वाट पाहून राह्यलो होतो. दहा दिवस झाले."

दहा दिवस! मी मान खाली घातली. दंड विचारला. मुखरूभाऊ म्हणाले, पाया पडा म्हणत नाही, तुमचा धरम तुमचा. तेव्हा मी खिशातलं पत्र काढून तो शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. दाखवायलाच हवा होता. लोकांत कुजबुज झाली. चाळीस गावांत? तिथले पंडुम तर याहून उशिरा.

"हे वापस घेता येते का?" मुखरूभाऊंनी विचारलं.

मी खरं सांगितलं. येतं. साहेबांना लिहावं लागेल की दाखवलेला पाठ चुकीचा होता, पोरीवर दबाव टाकून केला होता. मग परवानगीही जाऊ शकते. नववी जाऊ शकते.

तेव्हा गुणाबाई उठली. आठ वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. "लिवा गुरुजी. माह्या पोरीनं तुमच्यासाठी तोडलं. तुमी तिच्यासाठी लिवा."

रंजीता माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

१९ एप्रिल

लिहिलं. दीड पान. चौतीस पानांच्या आराखड्याला इतका वेळ लागला नव्हता. 'दबाव' शब्द दोनदा खोडून 'प्रोत्साहन' लिहिला आणि दोनदा परत 'दबाव' केला. गोपाल सर म्हणाले, "सर, नोकरीवर येईल." मी म्हणालो, बरोबर आहे सर. सकाळच्या गाडीनं मीच कुरखेड्याला नेऊन रजिस्टर केलं, पावती मुखरूभाऊंना दाखवली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती उलटसुलट पाहून जपून परत दिली.

२५ एप्रिल

आज पंडुम झाला. गुणाबाईचे तांदूळ घेतले. मुखरूभाऊंच्या सांगण्यावरून माझ्या घरचेही, दोन्ही एकाच टोपल्यात. रहमतबीनं काल बसून ते निवडले होते, खडा सापडला असता तर तिला नामुष्की वाटली असती. झाडाखाली जे व्हायचं ते झालं, आम्ही दोघं थोडं लांब उभे होतो. मग कैऱ्या फोडल्या, कोय कडक झाली होती. फोड हातात आली तेव्हा मी सवयीनं तळहातावर तोलून पाहिली.

"मोजू नका गुरुजी," मागून रंजीता म्हणाली. "खा."

पाठ झाल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. आंबट होती, असं मी रहमतबीला सांगितलं.

जिल्ह्याचं उत्तर नाही. रोज गाडीचा आवाज आला की रस्त्यापर्यंत जाऊन येतो.

१४ मे

उत्तर आलं. कुरखेड्याच्या पोस्टातच उघडलं, घरापर्यंत दम निघेना. आधी शेवट वाचला. परवानगी कायम.

मग वरचं वाचलं. चाळीस शाळांची शिफारस रद्द. विद्यार्थिनीवर दबाव आणून समितीची दिशाभूल करणारा पाठ दाखवल्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात नोंद, आणि नववी-दहावीचा प्रयोग माझ्याकडून काढून गोपाल सरांकडे. मुख्याध्यापकपदही. माझा अभ्यासक्रम, माझी चौतीस पानं, आणि मी त्यात साधा शिक्षक. रडू आलं, पोस्टाच्या पायरीवर बसून रडलो. मग उठलो, गाडी चुकली असती.

२६ जून

आज नववी उघडली. सत्तावीस नावं. चौदापैकी तेरा मुली. मंगलीची आई आजारी आहे, ती दिवाळीनंतर येईन म्हणते, तिच्यामागे लागायला हवं. दाखल्याच्या रजिस्टरात पहिलं नाव रंजीताचं, पुढे गुणाबाईचा अंगठा.

गोपाल सरांनी माझ्या खुर्चीवर बसायला तीनदा नको म्हटलं, शेवटी मीच हाताला धरून बसवलं. त्यांनी आराखडा उघडला आणि पान अकराशी थांबले. मी ते काढून तिथे कोरा कागद चिकटवलाय.

आराखडा घेऊन वर्गात गेलो, ते कोरं पान रंजीतापुढे उघडलं. म्हटलं, हे तू लिही. काय आणायचं, कधी आणायचं, सगळं. तिनं कागदावरून हात फिरवला. मग आराखडा मिटून माझ्याकडे सरकवला.

"आता नाई गुरुजी. इचारून, मंग भरू."

मी पेनाचं टोपण लावलं.